मक्केच्या व्यापारी हजरत खदीजा

रमजानचा दहावा दिवस हजरत खदीजा (रजि.) यांचा स्मृतिदिन मानला जातो. प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या या पहिल्या पत्नी. मुस्लिम समाज त्यांना श्रद्धावंतांची माता म्हणतो. पण लग्नाआधीच मक्केच्या बाजारात त्यांचे नाव झाले होते.

मक्केची जमीन नापीक. शहराचे पोट व्यापारी काफिल्यांवर चाले. हिवाळ्यात ते येमेनकडे जात, उन्हाळ्यात सीरियाकडे. कुरैश टोळीतील खुवैलिद यांच्या या मुलीला व्यापाराचे बाळकडू घरातच मिळाले. वैधव्य आले, तरी त्यांनी कारभार सोडला नाही. भांडवल त्यांचे असे. माल नेणाऱ्याचा नफ्यातला वाटा त्या आधीच ठरवत. अशा धंद्यात माणसाची पारख हेच खरे कौशल्य.

प्रामाणिकपणाची ख्याती ऐकून त्यांनी तरुण मुहम्मद (स.) यांच्याकडे सीरियाचा माल सोपवला आणि इतरांपेक्षा जास्त वाटा देऊ केला. सोबत मैसरा हा सेवक दिला. नफा चांगला झालाच, शिवाय मैसराने त्यांच्या सचोटीचीही ग्वाही दिली. पुढे विवाहाचा प्रस्ताव खदीजांकडूनच गेला. परंपरेनुसार तेव्हा त्या 40 वर्षांच्या होत्या, ते 25 वर्षांचे.

इ.स. 610 मध्ये पहिली दैवी वाणी अवतरली, तेव्हा पतीला धीर देणाऱ्या आणि सर्वप्रथम विश्वास ठेवणाऱ्या त्याच. पुढे कुरैशांनी पैगंबरांच्या कुळाशी खरेदी-विक्री बंद केली. त्या हलाखीत खदीजांची संपत्ती खर्ची पडली. बहिष्कार उठल्यावर थोड्याच काळात, इ.स. 619 मध्ये, त्यांचे निधन झाले.

खदीजांच्या यशात हुशारी होतीच. पण भांडवलही त्यांचे होते आणि निर्णयही त्यांचाच. मानखुर्दच्या मंडाला, महाराष्ट्र नगरसारख्या वस्त्यांत घरी बसून शिलाई करणाऱ्या बाईच्या बोटांतही कसब असते. मात्र कापड दुसऱ्याचे, बाजार दुसऱ्याचा आणि नगामागचा दरही दुसराच ठरवतो. म्हणून ईदच्या तोंडावर रात्री जागूनही ती मजूरच राहते. बचतगटाचे कर्ज, स्वतःच्या नावाचे खाते आणि थेट गिऱ्हाईक मिळाले, तर तीही आपला दर सांगू शकेल. स्त्रीच्या कमाईवर तिचाच हक्क आहे, हे कुरआनने मान्य केले आहे. आपल्या घरात तो हक्क तिला मिळतो का, हे प्रत्येकाने या रमजानमध्ये तपासून पाहावे.