औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी आणि त्यांचा चित्रसंग्रह

सहलीचं ठिकाण ठरवताना सातारा जिल्ह्यातलं औंध बहुतेकदा राहूनच जातं. एके काळी ही एका संस्थानाची राजधानी होती. संस्थान केवढं, तर ७२ गावांचं, तीही विखुरलेली!

भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांचा जन्म १८६८ चा. पुण्यात शिकून ते पदवीधर झाले आणि १९०९ मध्ये गादीवर बसले. राजा म्हटलं की आपल्याला शिकार आणि मोटारी आठवतात. हे राजे मात्र स्वतः कुंचला धरायचे, कीर्तनालाही उभे राहायचे. रामायणावर चित्रं काढून त्यांनी १९१६ साली चित्ररामायण छापलं. पुस्तकांत त्यांची ओळख सूर्यनमस्कारांपुरती उरते, हे मला जरा खटकतं.

चित्रं जमवण्याचा नाद तर जबरदस्त. राजा रविवर्मा, धुरंधर, बाबूराव पेंटर यांची चित्रं, पहाडी शैलीतली किरातार्जुनीयाची चित्रमाला, युरोपातल्या शिल्पांच्या प्रतिकृती, आणि हेन्री मूर या इंग्रज शिल्पकाराचं आई-मुलाचं शिल्पसुद्धा! हा ठेवा वाड्यात ठेवला असता तर कोण विचारणार होतं? पण त्यांनी १९३८ मध्ये यमाईच्या डोंगरावर श्री भवानी संग्रहालय उभारलं, म्हणजे देवीला येणाऱ्या माणसाच्या वाटेवरच. चित्रांवर वरून नैसर्गिक उजेड पडावा, अशी तिथली रचना आहे. मुलांना ती आवर्जून दाखवा. सगळी दालनं धावत बघण्यापेक्षा एकाच चित्रासमोर दहा मिनिटं बसवलेलं बरं.

लगेच पुढच्या वर्षी, १९३९ मध्ये, या राजाने गांधीजींच्या सल्ल्याने तयार झालेली राज्यघटना लागू केली आणि कारभार प्रजेच्या हाती दिला. स्वातंत्र्य अजून आठ वर्षं लांब होतं. त्याच काळात आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही कैद्यांची खुली वसाहत सुरू झाली. कैदी तिथे शेती करत, कुटुंबासह राहत. व्ही. शांताराम यांच्या ‘दो आँखें बारह हाथ’ची प्रेरणा तीच.

१९४८ मध्ये संस्थान विलीन झालं. १९५१ मध्ये बाळासाहेब गेले. संग्रहालय आता राज्य सरकारकडे आहे, आणि यमाईला आलेली माणसं आजही तिथे डोकावतात.