सूर्याचा मागोवा

फ्रान्स देशातील बर्गंडी प्रांतात सेम्यूर नावाचे एक लहानसे गाव आहे. तेथे १८२५ साली ऑग्युस्तँ मूशो यांचा जन्म झाला. मोठेपणी ते गणिताचे शिक्षक झाले.

त्या काळी युरोपातील कारखाने दगडी कोळशावर चालत. हा साठा एके दिवशी सरणार. मग यंत्रे कशाच्या बळावर फिरणार, या विचाराने मूशोंना स्वस्थता लाभेना. सूर्य तर नित्य विनामूल्य उष्णता देत असतो! १८६०च्या सुमारास अध्यापनातून उरलेला वेळ ते या एका ध्यासाला वाहू लागले. त्यांनी काळे केलेले तांब्याचे भांडे काचेच्या आवरणात ठेविले. काच प्रकाश आत येऊ देते. परंतु आतील उष्णता सहजासहजी बाहेर जाऊ देत नाही. आरशाने त्यावर किरण एकवटताच पाण्याची वाफ झाली. १८६६ साली त्यांनी या वाफेवर चालणारे लहानसे यंत्र तयार केले. परंतु पुढे प्रशियाबरोबरच्या युद्धात पॅरिसला वेढा पडला, तेव्हा ते नाहीसे झाले.

मूशो खचले नाहीत. १८७४ साली तूर या शहरी त्यांनी मोठे यंत्र उभारले. त्याचा आरसा शेंडा कापलेल्या शंकूच्या आकाराचा असून तोंडाशी त्याचा व्यास २.६ मीटर होता. खरी अडचण मात्र निराळीच होती. सूर्य एका जागी दिसत नाही. सकाळी त्याच्याकडे रोखलेला आरसा दुपारी भलतीकडे पाहत राहतो आणि पुष्कळसे ऊन वाया जाते. येथे गणिताचा शिक्षक कामास आला! यंत्राचा आस त्यांनी पृथ्वीच्या आसाला समांतर बसविला. पृथ्वी चोवीस तासांत ३६० अंश, म्हणजे तासाला १५ अंश फिरते. तितकेच यंत्र उलट दिशेने फिरविले, की आरसा दिवसभर सूर्यासन्मुख राहतो. ऋतुमानाप्रमाणे सूर्य उत्तरेस वा दक्षिणेस सरकतो. त्यासाठी आरशाचा कल बदलता येई. आज सूर्यामागे वळणारे सौरपट्टे वीज निर्माण करतात, तेथेही हाच हिशेब असतो.

१८७८च्या पॅरिस प्रदर्शनात त्यांनी याहून प्रचंड यंत्र मांडले. त्याच्या उष्णतेवर शीतयंत्र चालवून त्यांनी चक्क बर्फ तयार केला. उन्हापासून बर्फ! लोक थक्क झाले. मूशोंना सुवर्णपदक मिळाले.

याच सुमारास आपल्या मुंबईतही विल्यम अॅडम्स या इंग्रज गृहस्थाने मूशोंच्या कार्यावरून स्फूर्ती घेऊन सपाट आरशांचे अर्धवर्तुळ रचले व सूर्याच्या साहाय्याने वाफेचे यंत्र चालविले.

परंतु फ्रान्समध्ये आता कोळसा स्वस्त झाला होता. रेल्वेमुळे तो गावोगाव पोहोचू लागला. सूर्ययंत्र परवडत नाही, असा निर्णय सरकारी तज्ज्ञांनी दिला. तेव्हाच्या बाजारभावाने तो चुकीचाही नव्हता. मूशो पुन्हा गणिताकडे वळले. त्यांचे सहकारी आबेल पीफ्र यांनी १८८२ साली सूर्ययंत्रावर छापखाना चालवून दाखविला. तथापि त्यानेही वारे फिरले नाही.

उतारवयात मूशोंच्या वाट्याला दारिद्र्य आले. १९१२ साली पॅरिस येथे त्यांचे निधन झाले.