मिकी माऊसच्या बापाने अंगणात रेल्वे टाकली होती, पण एका अपघातानंतर ती कायमची बंद केली

डिस्नीलँडला जाऊन आलेल्यांच्या फोटोंमध्ये एक गोष्ट हमखास दिसते. वाफ सोडत अख्ख्या पार्कला चक्कर मारणारी जुन्या वळणाची आगगाडी. या गाडीचं मूळ वॉल्ट डिस्नीच्या घराच्या अंगणात आहे. कसं? तर गोष्ट अशी.

वॉल्टचा जन्म 5 डिसेंबर 1901 चा, शिकागोचा. तो लहान असतानाच डिस्नी कुटुंब मिसूरी राज्यातल्या मार्सलीन गावी राहायला आलं. गावातून सांता फे रेल्वे जायची आणि नात्यातले माईक मार्टिन काका त्याच रेल्वेत इंजिन ड्रायव्हर. पोराच्या डोक्यात रेल्वे शिरली ती तिथेच. 1917 च्या उन्हाळ्यात तर तो ट्रेनमध्ये फिरून पेपर, फळं आणि सोडा विकत होता.

पुढे मिकी माऊस आला, स्नो व्हाइट आली, नाव झालं. पण 1941 मध्ये त्याच्याच स्टुडिओतले चित्रकार संपावर गेले. मग युद्ध आणि डोक्यावर बँकेचं कर्ज. या सगळ्या ताणातून बाहेर काढेल असं काहीतरी त्याला हवं होतं.

ते स्टुडिओतच सापडलं. त्याचा एक ॲनिमेटर वॉर्ड किंबॉल याने घरामागे चक्क खरंखुरं इंजिन ठेवलं होतं. दुसरा, ऑली जॉन्स्टन, छोटं इंजिन बनवत होता. 1948 मध्ये वॉल्ट आणि किंबॉल शिकागोचं रेल्वे प्रदर्शन बघून आले आणि वॉल्टचं ठरलं, आपलंही इंजिन पाहिजे.

सेंट्रल पॅसिफिक रेल्वेचं 173 नंबरचं जुनं इंजिन नमुना म्हणून घेतलं. मापात आठपट लहान, रूळ फक्त सव्वासात इंचाचे. स्टुडिओच्या वर्कशॉपचा प्रमुख रॉजर ब्रॉगी याच्या हाताखाली जगप्रसिद्ध मालक लेथ चालवायला शिकला. गाडीचा शेवटचा डबा वॉल्टने स्वतः बनवला, आत इवलीशी शेगडीसुद्धा बसवली. 24 डिसेंबर 1949 ला, स्टुडिओच्या ख्रिसमस पार्टीत इंजिन धावलं. बायको लिलियनच्या नावावरून इंजिनाचं नाव पडलं 'लिली बेल'.

लॉस एंजेलिसमधल्या कॅरोलवुड ड्राइव्हवरच्या घराभोवती 1950 मध्ये 2,615 फूट रूळ पडले. रूळ लिलियनच्या फुलझाडांच्या वाफ्यांतून जाणार होते. मग तिच्या बागेखालून 90 फुटांचा बोगदा काढला, तोही वळणाचा, म्हणजे आत शिरल्यावर पलीकडचा उजेड दिसू नये. रेल्वेला अंगणातून वाट देण्याबाबत वॉल्टने बायको आणि दोन्ही मुलींसोबत गमतीत करारसुद्धा केला.

पण असं इंजिन सांभाळणं हे खेळण्याचं काम नाही. आकार लहान असला तरी आत खरा कोळसा जळतो, खरी वाफ तयार होते. बॉयलरमधलं पाणी ठराविक पातळीच्या खाली गेलं तर आगीवरचा पत्रा उघडा पडतो, तापून कमकुवत होतो आणि बॉयलर फुटू शकतो. त्यामुळे चालवताना एक डोळा कायम पाण्यावर ठेवावा लागतो. गाडी थांबल्यावर राख काढा, नळ्या साफ करा, सांध्यांना तेल द्या.

दुसरा धोका तोलाचा. सव्वासात इंचाच्या रुळांवर मोठी माणसं बसली की सगळं वजन वरच्या बाजूला येतं. वळणावर वेग थोडा जरी जास्त झाला तरी गाडी कलंडते.

1953 मध्ये नेमकं हेच झालं. एक पाहुणा गाडी जोरात चालवत होता. वळणावर लिली बेल घसरली आणि आडवी झाली. शिट्टी तुटली आणि तिथून वाफेचा झोत सुटला. पाच वर्षांची एक मुलगी त्यात सापडली, तिचे पाय भाजले.

वॉल्टने अंगणातली रेल्वे त्यानंतर बंद केली. हौसेने बनवलेली, तीन वर्षंच चाललेली ती गाडी बाजूला ठेवून दिली. पाहुण्यांच्या हातात वाफेचं इंजिन देणं किती महागात पडू शकतं हे त्याने पाहिलं होतं.

गाडीचं वेड मात्र सुटलं नाही. 17 जुलै 1955 ला डिस्नीलँड उघडलं, तेव्हा पार्कभोवती रेल्वे होतीच. तिची पहिली दोन इंजिनं, 'सी. के. हॉलिडे' आणि 'ई. पी. रिप्ली', लिली बेलच्याच आराखड्यावरून बनली, फक्त माप जवळपास पाचपट वाढवलेलं. रूळ तीन फुटांचे आणि इंजिनावर शिकलेले ड्रायव्हर.

15 डिसेंबर 1966 ला वॉल्ट गेला. लिली बेल आज सॅन फ्रान्सिस्कोच्या वॉल्ट डिस्नी फॅमिली म्युझियममध्ये आहे. अंगणातलं त्याचं लाकडी वर्कशॉप लॉस एंजेलिसच्या ग्रिफिथ पार्कमध्ये हलवलं आहे. शेजारीच वाफेच्या छोट्या इंजिनांचे शौकीन आजही आपापल्या गाड्या चालवतात, पाण्याच्या पातळीवर एक डोळा ठेवून.