खडकीच्या लढाईत लढला, आकडे गोळा करायला नेमला आणि आपल्या ढोकरीला नाव देऊन गेला

मुळा-मुठेच्या काठावर चिखलात मान आखडून एक मातकट बगळा बसलेला असतो. अगदी जवळ जाईपर्यंत दिसतच नाही. उडाला की मात्र पांढरेशुभ्र पंख उघडतात आणि आपण फसलो हे कळतं. म्हणूनच मराठीत त्याचं एक नाव वंचक आहे. दुसरं, जास्त ओळखीचं नाव ढोकरी. शास्त्रज्ञ त्याला आर्डिओला ग्रेयी म्हणतात, आणि या नावामागे आहे विल्यम हेन्री सायक्स.

सायक्सचा जन्म १७९० चा. १८०३ मध्ये, म्हणजे मिसरूड फुटायच्या आधीच, तो ईस्ट इंडिया कंपनीच्या सैन्यात भरती झाला. १८१७ मध्ये खडकीला पेशव्यांच्या फौजेशी लढाई झाली, तेव्हा तो इंग्रजांच्या बाजूने लढला. पेशवाई संपली. जिंकलेल्या मुलखात नेमकं आहे काय, हे आता कंपनीला हवं होतं. १८२४ मध्ये गव्हर्नर एल्फिन्स्टनने सायक्सला सांख्यिकी अधिकारी नेमलं.

पुणे, अहमदनगर, खानदेश आणि धारवाड असा त्याचा मुलूख. काम माणसं, शेती, महसूल यांची माहिती जमवायचं. हा गडी त्यासोबत हवेचा दाब मोजायचा, मासे आणि पक्षी गोळा करायचा. रानकुत्र्याची नोंद करताना त्याचं कोळसून हे मराठी नावही त्याने लिहून ठेवलं.

तो काळ पक्ष्यांच्या रंगीत चित्रग्रंथांचा होता. पण रंग छापले जात नसत. तांब्याच्या पत्र्यावर चित्र कोरायचं, शाई भरून कागदावर ठसा घ्यायचा, मग कारागिरांनी नमुना समोर ठेवून एकेक प्रत जलरंगांनी रंगवायची. शंभर प्रती हव्या असतील तर तोच बगळा शंभर वेळा! त्यामुळे दोन प्रतींतले रंग तंतोतंत जुळतीलच असं नाही. अमेरिकेतल्या पक्ष्यांची ऑड्युबॉनची ४३५ चित्रं अशीच तयार झाली.

भारतातल्या प्राण्यांचा असा मोठा ग्रंथ लंडनमध्ये १८३० पासून निघू लागला. तो पत्र्याऐवजी दगडावरून छापला होता, पण रंग हातानेच भरलेले. चित्रं मुख्यतः मेजर जनरल हार्डविकच्या संग्रहातली. त्याने ती भारतीय चित्रकारांकडून काढून घेतली होती, आणि त्यातल्या बहुतेकांची नावं आज कुणाला ठाऊक नाहीत. ग्रंथ सिद्ध केला ब्रिटिश म्युझियमच्या जॉन एडवर्ड ग्रेने. आपल्या नद्यांवर दिसणाऱ्या नदी सुरयला शास्त्रीय नाव मिळालं ते याच ग्रंथातून, १८३१ मध्ये.

त्याच वर्षी सायक्स मायदेशी परतला. १८३२ मध्ये लंडनच्या झुऑलॉजिकल सोसायटीच्या कामकाजवृत्तात त्याची दख्खनच्या पक्ष्यांची यादी छापून आली. दोनशेहून जास्त पक्षी, पण रंगीत चित्र एकही नाही. जे होतं ते शब्दांत. त्यातच ढोकरी होती आणि तिचं नाव त्याने ठेवलं ग्रेवरून. म्हणजे चित्रग्रंथ काढणाऱ्या माणसाचं नाव मिळालं ते चित्राशिवाय नोंदलेल्या पक्ष्याला.

तसं पाहिलं तर ढोकरी एका चित्रात मावणारी नाहीच. एरवी अंगावर तपकिरी रेघा, विणीच्या काळात पाठ गडद तांबूस, आणि बसलेली असताना पांढरे पंख झाकलेले. तिची निदान तीन चित्रं तरी काढावी लागली असती, आणि प्रत्येक प्रतीत ती तिन्ही रंगवावी लागली असती.

पुढे सायक्स कंपनीचा संचालक झाला, १८५६ मध्ये अध्यक्ष, १८५७ मध्ये ॲबर्डीनचा खासदार. १६ जून १८७२ रोजी त्याचं निधन झालं. एका चंडोलाला आणि एका रातव्याला इंग्रजीत आज त्याच्याच नावाने ओळखतात. ढोकरीच्या शास्त्रीय नावात ग्रे आहे. सायक्सचं नाव त्यापुढे कंसात येतं, १८३२ या सालासोबत.