निर्मळ पाण्याचा ध्यास : सर विश्वेश्वरय्या

आपल्या तारनाक्यावरील भारतीय रासायनिक तंत्रज्ञान संस्थेत पाणी गाळणाऱ्या बहुवारिक पटलांवर संशोधन चालते. साधने नवी असली, तरी शुद्ध पाण्याची चिंता जुनीच आहे. ती चिंता आयुष्यभर वाहणाऱ्या सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या ह्यांचे चरित्र आम्ही येथे संक्षेपाने देत आहो.

त्यांचा जन्म १८६० साली म्हैसूर संस्थानातील मुद्देनहळ्ळी येथे झाला. बालपणीच पितृछत्र हरपले. शिकवण्या करून त्यांनी बंगळुरात शिक्षण घेतले. पुढे शिष्यवृत्ती मिळवून ते पुण्यास आले व १८८३ साली स्थापत्याच्या परीक्षेत पहिले आले. लगेच मुंबई सरकारच्या बांधकाम खात्यात त्यांना नोकरी लाभली.

सिंधूकाठचे सक्कर शहर तेव्हा मुंबई इलाख्यात होते. नदीचे पाणी गढूळ, आणि गाळणकुंडे बांधण्याइतका पैसा नगरपालिकेपाशी नव्हता. दुसरा एखादा अधिकारी तेवढे कळवून मोकळा झाला असता. विश्वेश्वरय्यांनी काठालगत नदीच्या पात्रातच गोल विहीर खणविली. वाळूतून झिरपताना गाळ मागे राहिला आणि विहिरीत स्वच्छ पाणी उतरले. ते अधिक मिळावे म्हणून विहिरीच्या तळापासून पात्राखाली बोगदाही काढला. १८९५ साली हे काम पुरे झाले. पुढे पुण्याजवळ खडकवासल्यास त्यांनी स्वयंचलित दरवाजे बसवून धरणाचा साठा वाढविला.

१९०८ च्या सप्टेंबरात मुसी नदीच्या महापुराने हैदराबादेत हजारो माणसांचा बळी घेतला. निजाम सरकारच्या बोलावण्यावरून विश्वेश्वरय्या १९०९ साली येथे आले. शहराच्या वरच्या बाजूस जलाशय बांधून पूर अडवावा, असा उपाय त्यांनी सुचविला. त्यातूनच १९२० साली उस्मानसागर व १९२७ साली हिमायतसागर उभे राहिले. पुराला आळा बसला आणि शहराला पिण्याचे पाणीही मिळाले. १९५५ साली ते भारतरत्न झाले. १९६२ साली, वयाच्या शंभरीनंतर, त्यांनी देह ठेवला.

वाळूच्या फटींत गाळ अडतो. पटलाची छिद्रे त्याहून कितीतरी बारीक असल्याने जंतूही अडतात. त्यात चांदीचे अब्जांश कण मिसळले, तर ते जंतूंची वाढही रोखतात. परंतु असे पटल गरिबाच्या घरी परवडले पाहिजे. सक्करच्या विहिरीने घातलेला तो धडा आमच्या विद्यार्थ्यांपैकी कोणी उद्या प्रयोगशाळेत गेल्यास त्याने स्मरावा, एवढीच आमची इच्छा आहे.