डेव्हिड ट्यूडर : संहितेकडून वाद्याकडे

संहिता आणि प्रयोग यांचे परस्परनाते हा साहित्याच्या अभ्यासातील जुना प्रश्न आहे. विसाव्या शतकातील पाश्चात्त्य संगीतात तो ज्यांच्या आयुष्यातून तीव्रतेने पुढे आला, त्यांत अमेरिकन वादक व संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांची गणना करावी लागेल. विद्युत्-उपकरणांच्या साहाय्याने श्रोत्यांसमक्ष आयत्या वेळी घडत जाणाऱ्या संगीताचे ते एक आद्य प्रवर्तक होत. अहमदाबाद येथील वास्तव्यामुळे या संगीताच्या भारतीय इतिहासातही त्यांना स्थान आहे.

ट्यूडर यांचा जन्म २० जानेवारी १९२६ रोजी फिलाडेल्फिया येथे झाला. प्रथम ते चर्चमध्ये ऑर्गन वाजवीत. पुढे इर्मा वोल्पे यांच्याकडे पियानोचे व स्टेफान वोल्पे यांच्याकडे रचनेचे शिक्षण त्यांनी घेतले. पिएर बूलेझ यांचा दुसरा सोनाटा डिसेंबर १९५० मध्ये न्यूयॉर्क येथे वाजविण्यापूर्वी ते फ्रेंच शिकले आणि बूलेझ यांच्या वाचनातील आंतोनँ आर्तो यांचे लेखन त्यांनी अभ्यासिले. स्वरलिपीचे मर्म त्यांनी एका नाट्यचिंतकाच्या ग्रंथात शोधावे, ही गोष्ट तौलनिक अभ्यासकांनी ध्यानी घेण्याजोगी आहे.

जॉन केज यांच्या कलाविचाराला प्रयोगरूप मिळाले ते प्रामुख्याने ट्यूडर यांच्या हातून. २९ ऑगस्ट १९५२ रोजी वुडस्टॉक येथे पियानोचे झाकण मिटून, एकही स्वर न वाजविता, त्यांनी केज यांची ४ मिनिटे ३३ सेकंदांची प्रसिद्ध कृती सादर केली. केज यांच्या पुढील कृतींत स्वरलिपीची जागा रेषा, बिंदू व आकृत्या यांनी घेतली. ट्यूडर मोजपट्टीने त्यांची मापे घेत आणि वादनासाठी स्वतःची स्वतंत्र प्रत लिहून काढीत. परिणामी, आपण वाजवितो ते दुसऱ्याचे की आपले, हा प्रश्न त्यांच्यापुढे अटळपणे उभा राहिला.

त्याचे उत्तर त्यांनी पियानो सोडून दिले. १९६६ मध्ये न्यूयॉर्क येथे त्यांनी बँडोनिऑन या भात्याच्या वाद्याचा ध्वनी विद्युत्-उपकरणांतून खेळविला. सभागृहातील लाउडस्पीकर शिटी मारू लागला की आपण तो दोष समजतो. ध्वनी उपकरणांतून फिरून पुन्हा त्यांतच शिरल्याने ती शिटी उद्भवते. ट्यूडर यांनी हा दोषच संगीताचा कच्चा माल मानला. १९६८ च्या ‘रेनफॉरेस्ट’ या कृतीत त्यांनी निरनिराळ्या वस्तूंना कंपने देऊन त्यांचेच लाउडस्पीकर बनविले. जवारी लावताना तारेखाली सुताचा दोरा सरकवून तंबोऱ्यातील सुप्त स्वर जागे केले जातात. येथे प्रत्येक वस्तूला जणू तशी जवारी लागली.

१९६९ मध्ये अहमदाबादच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइनमध्ये ट्यूडर यांनी मूग सिंथेसायझरसह ध्वनिकक्ष उभारून दिला. यामागे जुना ऋणानुबंध होता : गीता साराभाई यांनी १९४६ मध्ये न्यूयॉर्क येथे केज यांना भारतीय संगीताची ओळख करून दिली होती. अहमदाबादच्या या कक्षात स्वतः गीताबेन, आय. एस. माथुर, अतुल देसाई, जिनराज जोशीपुरा आदींनी रचना केल्या. १९६९ ते १९७२ या काळातील या ध्वनिफिती पुढे अनेक दशके विस्मृतीत पडून राहिल्या. २०२३ मध्ये त्यांतील निवडक रचना प्रकाशित झाल्या.

१९९२ मध्ये केज यांचे निधन झाल्यावर मर्स कनिंगहॅम यांच्या नृत्यसंस्थेचे संगीतसंचालकपद ट्यूडर यांच्याकडे आले. १३ ऑगस्ट १९९६ रोजी त्यांचे निधन झाले.

त्यांची कागदपत्रे गेटी संशोधन संस्थेत, तर वाद्ये व उपकरणे वेस्लियन विद्यापीठात जतन केलेली आहेत. तथापि उपकरणांच्या जोडणीची आकृती म्हणजे संगीत नव्हे. ख्यालाची बंदिश कागदावर उतरविता येते, पण तिची उपज तालमीशिवाय हाती लागत नाही. ट्यूडर यांच्या कृतींचेही तसेच आहे. ‘रेनफॉरेस्ट’चा १९७३ चा अवतार त्यांनी तरुण सहकाऱ्यांसह, प्रत्येकाने स्वतःची वस्तू घडवावी अशा रीतीने सिद्ध केला. त्यांच्या पश्चात ही कृती जिवंत राहिली, ती या सहकाऱ्यांमुळे. संहितेचे इतके काटेकोर वाचन करणाऱ्या या वादकाचा वारसा अखेर संहितेतून नव्हे, तर शिष्यपरंपरेतून चालावा, यात त्यांच्या जीवितकार्याचे सार आहे.