पंडिता रमाबाई : पोथीतून स्वत्वाकडे

श्रावणात आमच्या घरी पोथी लागते. मी चौथीत गेल्यापासून ती मीच वाचते, कारण घरात वाचता येणारी मी पहिलीच. गेल्या वर्षी बाईचा जन्म हे पापाचे फळ आहे, अशा अर्थाच्या ओवीवर माझा आवाज अडखळला. आईने मात्र नुसती मान हलवली; तिला ते पटलेलेच होते. ती हललेली मान माझ्या मनातून जाईना. पुढे कॉलेजच्या ग्रंथालयात पंडिता रमाबाईंचे चरित्र हाती आले.

रमाबाईंचा जन्म १८५८ सालचा, गंगामूळच्या अरण्यातला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नीला संस्कृत शिकवले म्हणून त्यांना लोकांचा रोष सोसावा लागला. त्याच आईने, लक्ष्मीबाईंनी, रमाला शिकवले. हे कुटुंब तीर्थोतीर्थी पुराणे सांगत फिरे. पुढे उपासमारीने खंगून आईवडील गेले, पाठोपाठ थोरली बहीणही. उरलेली भावंडे पायी भटकत १८७८ मध्ये कलकत्त्याला पोहोचली. तेथील विद्वानांनी रमाबाईंना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या.

खरी परीक्षा त्यानंतरची. स्त्रियांना वेद वर्ज्य, असे त्या मानत आल्या होत्या. केशवचंद्र सेन यांनी वेद हाती देऊन ते वाचण्यास सुचवले. व्याख्यानांसाठी त्यांनी धर्मशास्त्रेही अभ्यासली. तेव्हा त्यांना दिसले की, इतर बाबतींत शास्त्रकारांचे एकमेकांशी पटत नाही. मात्र स्त्री आणि शूद्र यांना हीन ठरवण्यात सर्वांचे एकमत आहे. ज्या ग्रंथांवर त्या वाढल्या, त्यांतच त्यांना जागा नव्हती! दुसरे कोणी असते तर पोथी मिटली असती. रमाबाई वाचत राहिल्या आणि आपल्या मनाला विचारत राहिल्या.

१८८० मध्ये त्यांनी जातीबाहेर, बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी विवाह केला. दोनच वर्षांत वैधव्य आले. कडेवर मनोरमा घेऊन त्या पुण्यास आल्या व त्यांनी आर्य महिला समाज काढला. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. महाराष्ट्रात टीकेचे मोहोळ उठले. त्यांचे धर्मांतर सर्वांना पटावे असे नाही. परंतु तेथील धर्मगुरूंचे म्हणणेही त्यांनी विचार केल्यावाचून मानले नाही, हे ध्यानात ठेवले पाहिजे. १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन व पुढे केडगावात मुक्ती सदन उभे राहिले. विधवांना, दुष्काळात निराधार झालेल्या मुलींना तेथे अक्षर आणि हाताला काम मिळाले. उतारवयात हिब्रू व ग्रीक शिकून त्यांनी बायबल सोप्या मराठीत आणले, साध्या बाईलाही ते स्वतः वाचता यावे म्हणून. १९२२ मध्ये त्यांचे निधन झाले.

ग्रंथ मोठा खरा; पण तो वाचणाऱ्याचे अंतःकरणही लहान नाही, हे मला या चरित्राने शिकवले.

यंदा ती ओवी आली तेव्हा मी थांबले आणि आईला रमाबाईंची हकिकत सांगितली. तिला कोणी शिकवले, एवढेच आईने विचारले. तिच्या आईने, असे मी म्हणताच ती बराच वेळ गप्प बसली. मग हात पुसून जवळ सरकली आणि पोथीतले पहिले अक्षर कोणते, ते दाखव म्हणाली.

(द्वितीय वर्ष, कला)